चार नंबरची बरणी

आश्विनातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला चार नंबरच्या बरणीतल्या वीस अळ्यांपैकी एकोणीस मेलेल्या आढळल्या. विसावी बरणीच्या तोंडाला बांधलेल्या मलमलीला उलटी चिकटून होती. ब्रशचं टोक लावल्यावर तिनं डोकं उचललं. नोंद मी केली. वहीत त्या पानाखाली सही माझी आहे.

गोष्ट पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. तिथल्या एका जुन्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विभाग होता. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत मारुती कोळेकर पीएच.डी.चं काम करत होता आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी एम.फिल.चं. संध्याकाळी मी एका स्थानिक दैनिकाला कॉलेजांच्या बातम्या देत असे. त्यावरून मारुती मला ‘पेपरवाल्या बाई’ म्हणायचा. चिडवायचं असलं तर नुसतं ‘वार्ताहर’.

पाऊस ओसरला की नाल्याकाठचा एरंड वाढतो. या वर्षीही वाढला आहे. माझ्या घरामागं नव्या इमारतीचं कुंपण आणि सांडपाण्याचा ओहोळ यांच्या मधल्या पट्टीत सात झाडं आहेत. पानं ताटाएवढी, देठं लाल. पान तोडलं की पाणचट चीक येतो आणि बोटांना एक हिरवट, उग्र वास बसतो. एकदा साबण लावून तो जात नाही. हा वास आला की ती खोली मला दिसू लागते, पण क्रमानं नाही. कधी आधी फळा दिसतो, कधी ओलं पोतं, कधी मारुतीच्या थोरल्या भावाच्या, म्हसूदादाच्या हातातला रिकामा डबा.

खोलीला एकच खिडकी होती आणि ती पश्चिमेला. आश्विनातलं ऊन दुपारी तीननंतर टेबलावर यायचं आणि तिथली प्रत्येक गोष्ट तापायची. त्या खोलीला दोन वास होते. एक सॅलिसिलाल्डिहाइडचा, कडू बदामासारखा, ज्यानं पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं आणि नंतर तो येईनासाच होतो. दुसरा अळ्यांचा. अळ्यांना स्वतःचा वास फारसा नसतो, त्यांच्या विष्ठेला आणि कुस्करलेल्या पानांना असतो. दुपारी सगळे जेवायला गेले आणि पंखा बंद असला की बरण्यांमधून खाण्याचा आवाज ऐकू येई. अतिशय बारीक, सलग, कोरड्या कागदावर वाळू ओतल्यासारखा. ज्या दिवशी चार नंबरच्या बरणीतून तो आला नाही, त्या दिवशी खोली जास्तच शांत वाटली. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी वहीत लिहिलेलं नाही.

मारुतीचं काम थोडक्यात असं होतं. सॅलिसिलाल्डिहाइड आणि गंधक-नायट्रोजन असलेलं एक अमाइन गरम अल्कोहोलमध्ये एकत्र तापवायचं. दोन-तीन तासांनी चंबूत पिवळ्या सुया दिसू लागत. त्या गाळून, धुऊन, वाळवून परत अल्कोहोलमध्ये विरघळवायच्या आणि त्यात धातूच्या क्षाराचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. कोबाल्ट घातलं तर तपकिरी साका बसे. निकेल घातलं तर नारिंगी, जस्त घातलं तर फिकट पिवळा. तांबं घातलं की द्रावण एका क्षणात गर्द हिरवं होई आणि तळाशी शेवाळाच्या रंगाची भुकटी जमे. अशा पदार्थांना जटिल संयुगं म्हणतात. मधे धातू, आणि त्याला चारी बाजूंनी धरून बसलेला सेंद्रिय रेणू. मारुतीनं त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार असे नंबर दिले होते. चार नंबर म्हणजे तांब्याचं.

बनवणं सोपं होतं. जे बनलं ते काय आहे हे सिद्ध करणं अवघड. त्यासाठी वितळणबिंदू घ्यायचा, द्रावणातून वीज जाते का पाहायचं, चुंबकाच्या दोन टोकांमध्ये नळी टांगून वजन करायचं. वजन करताना पंखा बंद, दार बंद, आणि खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला की पहिल्यापासून सुरुवात. जस्तानं चुंबकाला दाद दिली नाही. निकेलनंही नाही, आणि त्यावरून त्याची रचना सपाट चौकोनी आहे असा निष्कर्ष काढायचा. अवरक्त वर्णपटासाठी नमुने पुण्याला पाठवावे लागत. महिन्यानं टपालानं गुंडाळ्या येत. आलेखात एक ठरावीक दरी असते. रेणूतल्या नायट्रोजनला धातू जोडला गेला, की ती किंचित उजवीकडं सरकते. मारुती स्टीलच्या पट्टीनं ते सरकणं मोजायचा आणि पट्टी तशीच ठेवून मला बोलवायचा. “बघा, सरकली की नाही?” सरकलेली असे. त्या खोलीत मी जी कामं पाहिली, त्यांत याच्याइतकं काटेकोर काम दुसरं नव्हतं.

त्याच्या प्रबंधाच्या मंजूर शीर्षकात तीन भाग होते: निर्मिती, रचना आणि कीटकांवरील परिणाम. पहिले दोन भाग त्या भाद्रपदापर्यंत टाइप होऊन तयार होते. तिसरा राहिला होता. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि ती मार्चअखेर संपत होती. त्याच्या आत प्रबंध गेला नाही तर पाच वर्षं गेली, हे त्याला माहीत होतं आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकालाही.

पैठणच्या अलीकडं, रस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीवरचं मारुतीचं हे धनगराचं घर. वडील मेंढरं घेऊन फिरत. थोरल्या म्हसूदादानं कळप कमी करून कोरडवाहू रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली, धाकट्याला शिकवलं. म्हसूदादाला वाचता येत नव्हतं. मारुती होणार तो कोणता डॉक्टर, हे त्यानं गावाला आपल्या परीनं समजावून ठेवलं होतं: “सुईचा नव्हं. कागदाचा डाक्टर हाय त्यो.”

अळ्यांची अंडी एका शेतकी संशोधन केंद्रातून आणली. पानाच्या मागं चिकटलेला, केसाळ, फिकट तपकिरी पुंजका. त्यातून निघालेल्या अळ्या आम्ही रुंद तोंडाच्या बरण्यांत एरंडाच्या पानांवर वाढवल्या. पद्धत पुस्तकातली होती: पान संयुगाच्या द्रावणात बुडवायचं, सावलीत वाळवायचं, वीस अळ्यांच्या बरणीत ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्या मोजायच्या. मोजणी माझ्याकडं होती. मारुती म्हणाला होता की ज्यानं संयुग बनवलं त्यानं मोजू नये, त्याला मेलेल्या जास्त दिसतात.

आता ब्लँकबद्दल सांगणं भाग आहे. टायट्रेशन करताना नमुना न घालता एक रीडिंग घेतात. त्याला ब्लँक म्हणतात. तो एकदा काढायचा आणि पुढच्या सगळ्या आकड्यांतून वजा करायचा. बाटलीतलं द्रावण तेच आहे तोवर ब्लँक बदलत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून ही सवय हाताला लागते. आमच्या खोलीत कीटकशास्त्राचा माणूस नव्हता. सगळे रसायनाचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्ही संयुग नसलेल्या, नुसत्या द्रावकात बुडवलेल्या पानांवर वीस अळ्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी एक मेली. मारुतीनं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं: ब्लँक – १. खाली रेघ मारली. विभागातले शिपाई करीमचाचा रोज फळा पुसत. तेवढा कोपरा ते सोडत. तो आकडा डिसेंबरपर्यंत तिथं होता.

पहिल्या तीन आठवड्यांत एक, दोन आणि तीन नंबरची संयुगं तपासली. दोन मेल्या, एक मेली, तीन मेल्या. करीमचाचा सकाळी झाडू टेकवून दारात उभे राहत आणि विचारत, “क्या बाई, आज कित्ते शहीद?” मी आकडा सांगे. “बस, इत्तेच? ये तो वैसे बी मर जाते,” म्हणून ते पुढं जात. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ब्लँक वजा केल्यावर हातात काही उरत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कॉलेजात कुणी पाहुणे येणार म्हणून आवार साफ करण्यात आलं. मागच्या नालीकाठचा एरंड त्यात गेला. सकाळी खुंट दिसले, त्यांतून चीक आलेला होता. खाम नदीच्या काठी एरंड भरपूर होता, पण ती पानं धुळीची आणि सांडपाण्यावरची. वाढत्या अळ्यांना आम्ही तीच घालू लागलो, पण चाचणीसाठी मारुतीला ती चालली नाहीत. त्याला स्वच्छ पानं पाहिजे होती. त्यानं गावाकडं निरोप दिला. दोन दिवसांनी पैठणहून येणाऱ्या एसटीच्या टपावरून ओलं पोतं उतरलं. कंडक्टरला सांगून ठेवलं होतं, त्यानं वाटेत दोनदा पाणीही मारलं होतं. पोतं उघडलं. पानं एकसारखी, तजेलदार, एकावर एक देठानं लावलेली. एका पानाला भोक नव्हतं. मारुती म्हणाला, दादानं स्वतः तोडलीत.

त्या पानांवर चार नंबरची चाचणी झाली.

एकोणीसचा आकडा सांगितला तेव्हा करीमचाचांनी झाडू भिंतीला लावला आणि आत आले. बरणी उचलून त्यांनी मलमलीवरच्या अळीकडं पाहिलं. “ये एक कायकू बची?” मी म्हटलं, माहीत नाही. “छोडो उसकू,” ते म्हणाले. “एक गवाह तो होना.”

पुढचे दोन आठवडे तीच चाचणी पुन्हा केली. पानं दर सोमवारच्या एसटीनं येत होती. अठरा मेल्या, मग वीस. मारुती त्या दिवसांत फारसं बोलत नव्हता, पण शिट्टी वाजवायचा. त्याला ती नीट येत नसे, नुसती हवा निघे. चार नंबरची भुकटी त्यानं एका काचेच्या कुपीत भरून खिडकीच्या चौकटीवर ठेवली होती. ऊन आलं की ती कडेनं हिरवी आणि मधे जवळजवळ काळी दिसायची.

मार्गदर्शक सरांनी तिन्ही आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिले. एका परिषदेत वाचायला निबंध तयार झाला. सरांचं नाव पहिलं, मारुतीचं दुसरं. सर मला म्हणाले, “तुम्ही पेपरमध्ये लिहिता ना? मग हे नाही लिहीत?” मी लिहिलं. माझ्या प्रतीत शब्द होते: ‘प्राथमिक चाचण्यांत परिणाम दिसून आला.’ शुक्रवारी तिसऱ्या पानावर एक कॉलम बातमी आली. मथळा वृत्तसंपादकांनी दिला होता: ‘अळीनाशक हिरव्या संयुगाचा शोध’. ‘प्राथमिक’ हा शब्द जागेअभावी गेला होता.

त्या वर्षी पऱ्हाटीवर बोंडअळी फार होती आणि कुठल्याही फवाऱ्यानं मरत नव्हती. हे तेव्हा रोजच्या अंकात येत होतं, म्हणून इथं वेगळं लिहीत नाही. बातमीचा मथळा गावोगाव वाचला गेला तो यामुळं. आमच्या विभागाच्या पत्त्यावर पोस्टकार्डं आली. एकात विचारलं होतं की औषध मिळण्याचं ठिकाण कळवा. दुसऱ्यात तेच, फक्त खाली ‘तातडीनं’ असं दोनदा लिहिलेलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला, एका सोमवारी अकराच्या सुमाराला, म्हसूदादा स्वतः आला. त्या आठवड्याचं पोतं त्यानं एसटीनं पाठवलं नव्हतं, डोक्यावर घेऊन आला होता. दुसऱ्या हातात झाकणाचा रिकामा डबा. पागोटं काढून त्यानं मांडीवर ठेवलं आणि स्टुलावर बसायला नकार देऊन जमिनीवर बसला. मारुती त्या वेळी अल्कोहोलच्या रजिस्टरवर सही घ्यायला खाली गेला होता. म्हसूदादानं खोली पाहिली, बरण्या पाहिल्या, खिडकीतली कुपी पाहिली.

“ह्येच का ते, बाई?”

मी म्हटलं, हेच.

“हिरवंच हाय की.” त्यानं डबा माझ्याकडं सरकवला. “आमच्या पऱ्हाटीपुरतं द्या. मारत्या नाय म्हनंल, त्याला मी सांगतो.”

मी त्याला सांगू लागले की हे अजून शेतावर वापरायचं नाही, कुपीत आहे तेवढंच आहे. तो हसला. मग पोत्याकडं हात करून त्यानं विचारलं की पानं कशी काय वाटली. मी म्हटलं, फार चांगली.

“चांगली म्हंजी? एकबी किडकं नाय येऊ दिलं. पऱ्हाटीच्या कडंचा एरंड हाय. पयल्या पोत्यापासनं, आदल्या सांजंला फवारायचा आन् सकाळी तोडायचा. कालेजात सायबापुढं भोकाची पानं गेली तर म्हनतील, कोळेकराच्या रानात निस्ते किडेच हाईत. पऱ्हाटीवर त्या औषदानं काय मरंना, लई चिवट झाल्यात. पर पानं कशी आरशावानी ऱ्हायली.”

मारुती दारात उभा होता. त्यानं किती ऐकलं ते मी विचारलं नाही. सगळं ऐकलं असावं, कारण त्यानं फळ्याच्या कोपऱ्याकडं पाहिलं. नंतर त्यानं दादाला विचारलं, चहा घेतला का. दोघं खाली गेले. डबा तिथंच राहिला.

कारण समजायला प्रयोगाची गरज नव्हती. रानातल्या अळ्या त्या औषधाला सरावल्या होत्या, बरणीतल्या अंड्यापासून आमच्याकडं वाढलेल्या, त्यांना त्याची सवय नव्हती. एक, दोन आणि तीन नंबरला कॉलेजातली पानं मिळाली होती, चार नंबरला गावाकडची. ब्लँक कॉलेजातल्या पानांवर काढलेला होता आणि तोच आम्ही सगळ्यांतून वजा करत होतो. तरीही मारुतीनं प्रयोग केला. त्यानं दोन बरण्या मांडल्या. पहिलीत दादानं आणलेली पानं, नुसत्या द्रावकात बुडवून. दुसरीत खाम नदीकाठची पानं, धुऊन, चार नंबरच्या द्रावणात बुडवून. तिसऱ्या दिवशी मी मोजणी केली. पहिलीत विसाच्या वीस मेल्या होत्या. दुसरीत दोन मेल्या होत्या. उरलेल्या अठरांनी पानाच्या शिरा तेवढ्या ठेवल्या होत्या. ती बरणी आम्ही तशीच राहू दिली. नवीन पानं घातली ती त्यांनी खाल्ली आणि पुढं त्यांचे कोष झाले.

त्या सकाळी करीमचाचा दारात आले, मारुतीकडं पाहिलं आणि काही न विचारता गेले. दुपारी फळ्याचा उजवा कोपरा पुसलेला होता. आपण पुसला नाही असं करीमचाचांनी सांगितलं.

मी हे लिहीत असताना ओहोळाकडून एरंडाचा वास येतो आहे. सोसायटीच्या माणसानं काल सांगितलं की ही झाडं काढणार, डास होतात. एरंडानं डास होत नाहीत हे त्याला सांगता आलं असतं.

सरांशी बोलणं झालं तेव्हा मी तिथं होते, कारण मोजणीची वही माझ्याकडं होती. सर रागावले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि मारुतीला बसायला सांगितलं. म्हणाले, आपण रसायनाची माणसं. संयुग बनवलंत, रचना सिद्ध केलीत, त्यात कुणी बोट ठेवू शकत नाही. अळ्या म्हणजे झालर. बाहेरचे परीक्षकही रसायनाचेच आहेत. मग त्यांनी वही स्वतःकडं फिरवली.

“वहीत जे आहे ते आहे. एकोणीस मेल्या की नाही?”

“मेल्या, सर,” मारुती म्हणाला. “चार नंबरनं नाही मेल्या.”

सरांनी वही मिटली. परिषदेत निबंध वाचून झालेला आहे, याची त्यांनी आठवण करून दिली.

पुढचे तीन महिने मारुतीनं दोन गोष्टी केल्या. चारही संयुगांच्या चाचण्या त्यानं नदीकाठच्या पानांवर नव्यानं केल्या, प्रत्येक वेळी शेजारी वेगळा ब्लँक ठेवून. आणि शेवटचं प्रकरण परत लिहिलं. त्याच्या अखेरीस एकच वाक्य होतं: संयुगांचा अळीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. त्या प्रकरणासह प्रबंधावर सही करायला सरांनी नकार दिला. जुन्या प्रकरणासह सही करायला ते तयार होते. प्रकरणच काढून टाकायचं तर शीर्षक बदलावं लागत होतं, आणि ते ठरवणारी समिती उन्हाळ्यात बसणार होती. फेब्रुवारीत मी मारुतीला म्हटलं, जुनंच दे. तो पट्टीनं काहीतरी मोजत होता. “तुम्ही मोजलंय, तुम्हीच सांगता?” एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यानं मला परत ‘पेपरवाल्या बाई’ म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं. मार्च संपला. प्रबंध गेला नाही.

त्याआधी, जानेवारीत, त्यानं मला एक खुलासा लिहून घ्यायला लावला होता. टेबलापाशी उभा राहून त्यानं सांगितला आणि मी लिहिला. ‘अळीनाशक हिरव्या संयुगाचा शोध’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झालेल्या वृत्तातील निष्कर्ष फेरतपासणीत टिकले नाहीत. चाचणीसाठी वापरलेली पाने आधीच फवारलेली होती. संयुगाचा अळीवर परिणाम आढळला नाही. खाली त्याचं नाव. वाचून दाखवलं तेव्हा त्यानं कागदावर बोट ठेवलं.

“मधली ओळ काढा. दादाला कुणीतरी वाचून दाखवील.”

मग काय लिहू, मी विचारलं.

“लिहा, चाचणीत माझ्याकडून चूक झाली.”

मी तसं लिहिलं. संध्याकाळी तो कागद वृत्तसंपादकांना दिला. त्यांनी वाचला आणि विचारलं की यात आपण कुठं चुकलो. कॉलेजच्या सरांनी सांगितलं ते आपण छापलं. सरांचा फोन आला आहे का? मी नाही म्हटलं. मग असू द्या, म्हणून त्यांनी तो टेबलावरच्या तारेत खोचला. तारेत बरेच कागद होते. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. जूनमध्ये मला त्याच दैनिकात पूर्ण वेळ घेण्यात आलं. पुढं अकरा वर्षं तिसरं पान माझ्याकडं होतं.

मारुतीला चिकलठाण्यात मुलामा देण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. सायकलींचे भाग, नळ, बिजागऱ्या. मी एकदा तिथं गेले होते. लांब टाक्या होत्या, तांब्याची निळी आणि निकेलची हिरवी, आणि वाफ. द्रावणांची रोजची तपासणी तो करायचा. टेबलाशेजारी फळा होता आणि त्यावर तारीख घालून प्रत्येक टाकीसमोर त्या दिवसाचा ब्लँक लिहिलेला होता. कामगारांना ते रोज कशासाठी ते कळत नसे. एकानं मला सांगितलं, “कोळेकर सायब लई वहमी माणूस हाय.”

म्हसूदादाला त्यानं काही सांगितलं नाही. गावी गेला की दादा विचारायचा, हिरवं औषध निघालं का. मारुती सांगायचा, अजून काम चालू आहे. काही वर्षांनी दादानं त्याचं उत्तर स्वतःच ठरवलं की मोठ्या औषधवाल्यांनी ते दाबलं. बातमीचं कात्रण काचेत घालून त्यानं दारावरच्या भिंतीला लावलं होतं. त्याच्या शेजारी एका मेंढ्याचा फोटो, ज्याला कधीतरी बक्षीस मिळालं होतं.

मारुती गेल्या वर्षी आश्विनात वारला. आजारपण दोन महिन्यांचं होतं. आमच्या दैनिकाच्या पैठणच्या वार्ताहरानं तीन ओळींची बातमी पाठवली आणि ती छापून आली: ‘अळीनाशक संयुगाचे संशोधक मारुती कोळेकर यांचे निधन’. मी तोपर्यंत निवृत्त झाले होते. वार्ताहराला फोन करून विचारलं, ही माहिती कुठून मिळाली. तो म्हणाला, घरी भिंतीवर आपल्याच पेपरचं कात्रण आहे की, मॅडम.

दहाव्याला मी पैठणला गेले. धरणाचं पाणी सोडलेलं असल्यानं गोदावरी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत होती. पिंड ठेवलेला होता आणि कावळा येत नव्हता. माणसं पांगून सावलीला बसली होती. म्हसूदादा आता ऐंशीच्या पुढं आहे. कमरेत वाकलेला, डोळ्यांवर जाड भिंग. एकानं त्याच्या कानाशी माझं नाव सांगितलं. त्यानं हात धरून मला शेजारी बसवलं आणि भोवतीच्यांना सांगितलं की कालेजातल्या त्या बाई ह्याच.

“ही पोरं खरं मानीत नाय,” तो म्हणाला. “तुमी तर मोजल्या व्हत्या. सांगा ह्यास्नी. किती मेल्या व्हत्या?”

“विसातल्या एकोणीस,” मी म्हटलं.

म्हसूदादानं आजूबाजूला पाहिलं. मग माझा हात सोडला. कावळा त्यानंतर पंधराएक मिनिटांनी आला.

पैठणहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी दैनिकाच्या कार्यालयात जाऊन त्या वर्षीच्या बांधीव फायली काढल्या. जानेवारी ते जूनचे अंक पाहिले, तिसरं पान आणि शेवटचं पान दोन्ही. फेब्रुवारीतले दोन अंक फाटलेले होते. त्यांच्या प्रती जिल्हा ग्रंथालयात मिळाल्या, त्याही पाहिल्या. खुलासा छापलेला नाही.